ताडोब्याला जायला गाडी ठरवताना: आधी गेट, मग गाडी

दिवाळी जवळ आली की पुण्यातल्या ओळखीच्यांचे फोन सुरू होतात. "तुझं माहेर नागपूरचं ना? ताडोब्यासाठी एखादा चांगला गाडीवाला सांग." मी उलट विचारते, गेट कोणतं मिळालंय? बहुतेकदा पलीकडे शांतता असते. विमानाचं तिकीट काढलेलं असतं, रिसॉर्टला पैसे भरलेले असतात, पण सफारीचा परवाना कोणत्या गेटचा आहे हे कुणी नीट वाचलेलं नसतं. गाडीचं भाडं, निघायची वेळ, ड्रायव्हरचा मुक्काम, सगळं त्या एका ओळीवर ठरतं. म्हणून या लेखाची सुरुवातही तिथूनच.

गेट पाहिल्याशिवाय गाडीवाल्याला फोन नाही

ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ सालचं, महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं. १९८६ मध्ये त्याला लागून अंधारी अभयारण्य झालं आणि दोन्ही मिळून आजचा व्याघ्र प्रकल्प. गाभा क्षेत्र सव्वासहाशे चौरस किलोमीटरच्या घरात आहे आणि भोवतीचं बफर धरलं तर सतराशेच्या वर. एवढ्या जंगलाला चारी बाजूंनी गेटं आहेत. गाभ्याची मोठी सहा: मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, झरी आणि पांगडी. बफरची गेटं वेगळी: आगरझरी, देवाडा-अडेगाव, जुनोना, अलिझंझा, मदनापूर, बेलारा आणि आणखी काही.

प्रवासाच्या दृष्टीने यांचे तीन गट पाडा. मोहर्ली, खुटवंडा, आगरझरी, देवाडा, जुनोना ही चंद्रपूर-भद्रावतीच्या बाजूची. कोलारा, नवेगाव, अलिझंझा, मदनापूर, बेलारा ही चिमूरच्या बाजूची. झरी आणि पांगडी ही कोळसा नावाच्या वनपरिक्षेत्रातली, त्यांच्यासाठी चंद्रपूरहून मूलच्या अंगाने जायचं.

नकाशावर मोहर्ली आणि कोलारा शेजारी-शेजारी दिसतात, आणि इथेच लोक फसतात. मधलं जंगल तुमच्या गाडीला बंद आहे. बाहेरून भद्रावती, वरोरा, चिमूर असा वळसा घालायला दोन तास तरी लागतात. मोहर्लीला रिसॉर्ट आणि पहाटेची सफारी कोलाऱ्याची, असं झालं तर पहाटे तीनला उठून अंधारात जंगलकडेच्या रस्त्याने जावं लागेल. असं बुकिंग हातात असेल तर गाडी ठरवण्याआधी मुक्काम बदला. दोन सफाऱ्या दोन बाजूंच्या असतील तर मध्ये सफारीचं किमान एक पूर्ण सत्र (सकाळचं किंवा दुपारचं) मोकळं ठेवा.

परवान्यावर वारही बघून घ्या. गाभा क्षेत्र मंगळवारी बंद असतं आणि पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, पूर्ण बंद. सफारीचं आरक्षण वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरच करा. परवान्यावर ज्या ओळखपत्राचा क्रमांक दिलाय, तेच मूळ ओळखपत्र प्रत्येकाने सोबत ठेवायचं.

ही गाडी कुठपर्यंत जाते

फक्त गेटपर्यंत. आत नोंदणीकृत जिप्सी, म्हणजे उघडी जीप, जाते, तिच्यात सहा पर्यटक, एक गाइड आणि जिप्सीचा चालक. तुम्ही इनोव्हा आणा नाहीतर डिझायर, ती बाहेरच थांबणार. त्यामुळे "जंगलात जायचंय म्हणजे मोठी उंच गाडीच हवी" या समजुतीपायी जास्तीचे पैसे घालवू नका. नागपूरपासून मोहर्ली किंवा कोलाऱ्यापर्यंत डांबरी रस्ता आहे. तिघं-चौघं असाल तर सेडान पुरते.

मात्र सेडान घेताना एक प्रश्न न चुकता विचारा: सीएनजी आहे का? सीएनजीच्या गाडीत डिकीची बरीच जागा सिलिंडर खातो. दोन मोठ्या बॅगा, कॅमेऱ्याची बॅग, थंडीतली जॅकेटं, एवढं सामान मग मांडीवर येतं. सीएनजीच्या पंपावरची रांग अर्धा-पाऊण तास खाते ती वेगळी.

पाच-सहा माणसं असतील तर एर्टिगा चालते, पण तिसऱ्या रांगेत बसणाऱ्याचे गुडघे आणि मागची सामानाची जागा, दोन्हींचा विचार करा. घरात सत्तरीच्या पुढचं कुणी असेल किंवा मे महिना असेल तर इनोव्हाचे जादा पैसे द्या, वसूल होतात. चंद्रपूरच्या मे महिन्यातल्या ४५ अंशांत मागच्या रांगेपर्यंत एसीची हवा न पोचणारी गाडी म्हणजे शिक्षा. निघण्याआधी एसी पाच मिनिटं लावून मागच्या सीटवर स्वतः बसून बघा.

पूर्ण वेळ गाडी की फक्त सोडायला-आणायला

पैशांचा मोठा फरक इथे पडतो, म्हणून जरा सावकाश.

बाहेरगावच्या भाड्यात गाडीवाले रोजचे किमान किलोमीटर धरतात, कुठे २५०, कुठे ३००. गाडी दिवसभर रिसॉर्टच्या झाडाखाली उभी राहिली तरी तेवढ्याचे पैसे द्यावे लागतात. शिवाय ड्रायव्हरचा रोजचा भत्ता, टोल आणि पार्किंग. दिवस मोजतात तो कॅलेंडरचा, रात्री बारा ते बारा. रात्री अकराला निघालात तर तासाभरात दुसरा दिवस लागतो. आणि किलोमीटर मोजतात ते गाडीवाल्याच्या गॅरेजपासून गॅरेजपर्यंत.

आकडे सोपे धरून हिशोब मांडते. समजा दर किलोमीटरला १३ रुपये, रोजचे किमान ३०० किलोमीटर, भत्ता ४०० रुपये. नागपूर ते मोहर्ली, दोन रात्री, तीन दिवस. गाडी तिन्ही दिवस ठेवली तर ९०० किलोमीटरचे ११,७०० आणि भत्त्याचे १,२००, म्हणजे १२,९०० रुपये आणि टोल. तीच गाडी पहिल्या दिवशी सोडून परत गेली आणि तिसऱ्या दिवशी घ्यायला आली तर दोन दिवसांचे ६०० किलोमीटर, ७,८०० रुपये, भत्ता ८००, एकूण ८,६०० आणि टोल. रिकाम्या फेरीचे पैसे यात आलेच, तरी ४,३०० रुपये वाचतात. दर तुमच्या वेळचे टाका, पण बेरीज अशीच करा.

मग कायम सोडायला-आणायलाच बोलवावी का? नाही. रिसॉर्टला आधी विचारा की जिप्सी तुमच्या दारात येते की तुम्हाला गेटवर जावं लागतं. मुक्काम गेटच्या लगत असेल किंवा जिप्सी दारात येत असेल तर खुशाल गाडी परत पाठवा. मुक्काम चंद्रपूर शहरात किंवा भद्रावतीत असेल तर गाडी जवळ हवीच. लहान मूल, मधुमेह किंवा हृदयविकार असलेलं माणूस सोबत असेल तरीही मी गाडी ठेवते. मोहर्लीत रात्री दोनला गाडी मिळवायची म्हणजे रिसॉर्टवाल्यांची धावपळ. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय चंद्रपूरला आहे, आणि तिथवर पोचायला दाराशी उभ्या गाडीसारखा दुसरा आधार नाही.

स्वतः चालवायची भाड्याची गाडीही नागपुरात मिळते. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात ती. अनुभवी चालक असाल, दोघंच असाल आणि मुक्काम गेटजवळ असेल तर ठीक. घेताना चारही बाजूंचा व्हिडिओ काढा आणि अपघात झाला तर तुमच्या खिशातून किती जाणार ते लेखी घ्या.

पुण्या-मुंबईहून थेट गाडीने येणाऱ्यांना एवढंच सांगते: पुण्याहून नागपूर सातशे किलोमीटरच्या वर आहे. समृद्धी महामार्ग झाला, वेळ वाचला, पण ताशी १२० च्या सरळसोट रस्त्यावर डोळा लागतो आणि उन्हाळ्यात टायर तापून फुटतात. रात्रीची रेल्वे घ्या, सकाळी नागपूरला उतरून तर्री पोहे खा आणि तिथून गाडी करा. गाडीनेच यायचं असेल तर समृद्धीवरून वर्ध्याजवळ येळाकेळीला उतरा, नागपूर शहरात शिरायची गरज नाही. त्या रात्री वर्ध्यात मुक्काम करून दुसऱ्या दिवशी पुढे जा.

फोनवर काय बोलायचं

किमान तिघांना फोन करा: एक नागपूरचा एजन्सीवाला, एक तुमच्या रिसॉर्टने सुचवलेला स्थानिक, आणि एक ओळखीतून मिळालेला. मोहर्ली किंवा चिमूरच्या गाडीवाल्याचा मोठा फायदा म्हणजे त्याला रस्त्याची खडानखडा माहिती असते आणि रात्री तो स्वतःच्या घरी झोपतो. त्याची रिकामी फेरी मात्र नागपूरकडे येतानाची असते, तेव्हा किलोमीटर तिकडून मोजले जातील हे धरून चाला.

नागपूरचा माणूस फोनवर म्हणेल, "ताई, टेन्शन नका घेऊ, गाडी एकदम चकाचक पाठवून राहिलो." गोड वाटतं ऐकायला. तरी फोन ठेवल्यावर सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा आणि "हो" असं उत्तर येईपर्यंत आगाऊ रक्कम देऊ नका. माझा नेहमीचा मजकूर असा असतो:

"भाऊ, आपलं बोलणं झालं ते लिहून देते. तारीख अमुक, सकाळी ९ वाजता नागपूर स्टेशनवरून. मोहर्ली गेटजवळच्या रिसॉर्टला सोडायचं. चार माणसं, तीन मोठ्या बॅगा. गाडी एर्टिगा, पिवळ्या पाटीची, सीएनजी नको. दर किलोमीटरला अमुक, दिवसाला किमान अमुक, भत्ता अमुक, टोल पावतीप्रमाणे वेगळा. ड्रायव्हर आदल्या रात्री घरी झोपलेला हवा. ड्रायव्हरचं नाव, नंबर आणि गाडीचा नंबर आदल्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत पाठवा. हे मान्य असेल तर हो म्हणा, आगाऊ रक्कम पाठवते."

गाडीचा नंबर आला की सरकारच्या एमपरिवाहन अ‍ॅपवर टाकून बघा. विमा चालू आहे का, फिटनेसची मुदत कधी संपते, नोंदणी व्यावसायिक वाहनाची आहे का, हे दोन मिनिटांत कळतं. पिवळी पाटी आणि काळी अक्षरं ही भाड्याच्या गाडीची खूण. पांढऱ्या पाटीची गाडी हजार-पंधराशेने स्वस्त पडते, पण तिला भाड्याने प्रवासी नेण्याचा परवाना नसतो, आणि अपघात झाला तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. सोबत आई-वडील असताना हा धोका कशासाठी पत्करायचा?

ड्रायव्हरची झोप

वरच्या निरोपातली झोपेची ओळ काहींना आगाऊपणाची वाटते. ती कुठून आली ते सांगते.

काही वर्षांपूर्वी आम्ही सहा जण मे महिन्यात मोहर्लीला निघालो होतो. एका रात्रीच्या मुक्कामाचे पैसे वाचवायचे म्हणून पहाटे अडीचला नागपूरहून निघून थेट सकाळची सफारी गाठायची, असं ठरलं. गाडी वेळेवर आली. ड्रायव्हर तरुण, नम्र मुलगा. जाम गावाच्या पुढे गाडी हळूच डावीकडे सरकायला लागली आणि पुढच्या सीटवर बसलेल्या मावसकाकांनी ओरडून त्याचा खांदा धरला. चहाच्या टपरीवर थांबल्यावर कळलं की तो हैदराबादची फेरी करून रात्री एकला नागपुरात आला होता आणि मालकाने त्याला तसंच आमच्याकडे पाठवलं होतं. त्याला मागच्या सीटवर दीड तास झोपू दिलं. आमची सफारी बुडाली, पैसेही गेले. पण मला आजही आठवतो तो चेहरा. झोप आली असं मालकाला सांगायची सोय त्या मुलाला नव्हती.

तेव्हापासून पहाटेच्या सफारीसाठी नागपूरहून त्याच रात्री निघणं मी बंद केलं. आदल्या दिवशी दुपारी पोचायचं. गाडी मुक्कामाला ठेवली असेल तर ड्रायव्हरच्या झोपण्याची सोय आपण ठरवायची. रिसॉर्टला बुकिंगच्या वेळीच विचारा: ड्रायव्हरसाठी खोली किंवा डॉर्मिटरी आहे का, पंखा-कूलर आहे का, जेवणाचे किती? सोय नसेल तर गावातल्या होमस्टेमध्ये खाट मिळते, तिचे पैसे आपण द्यायचे. भत्त्यात सगळं आलं असं म्हणून हात झटकले तर तो गाडीतच झोपतो, मे महिन्यात काचा खाली करून, डास मारत. दुसऱ्या दिवशी तुमच्या घरची चार माणसं त्याच्याच हाती असतात.

निघताना सहज बोलतं करा. "भाऊ, काल कुठे होते? घरी कधी आले?" उत्तर अडखळलं तर मालकाला फोन लावून दुसरा ड्रायव्हर मागा. भीड बाळगू नका.

रस्ता

मोहर्लीसाठी नागपूर, बुटीबोरी, जाम, वरोरा, भद्रावती असा मार्ग. जामला हैदराबादचा महामार्ग हिंगणघाटकडे जातो आणि आपण चंद्रपूरकडे वळतो. अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. मोबाइलवरचा नकाशा सांगेल त्यात अर्धा तास मिळवा, कारण भाड्याच्या पिवळ्या पाटीच्या बहुतेक गाड्यांना ताशी ८० ची वेगमर्यादा बसवलेली असते. चहा-नाश्ता धरून साडेतीन ते चार तास. वेळ असेल तर वरोऱ्याला बाबा आमट्यांच्या आनंदवनात थांबा.

भद्रावतीहून मोहर्लीला आतला रस्ता आहे. दुसरा रस्ता चंद्रपूरहून पद्मापूर, आगरझरीमार्गे. त्या बाजूला कोळशाच्या खाणी आहेत, ट्रकांची वर्दळ आणि धूळ असते. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी काचा बंद ठेवाव्यात.

कोलाऱ्यासाठी उमरेड, भिसी, चिमूर असं जा. अंतर सव्वाशेच्या आत, पण रस्ता अरुंद आणि गावं मध्ये येतात, म्हणून वेळ तीन तास धरा. १९४२ च्या ऑगस्ट क्रांतीतलं चिमूर ते हेच. इंधन, रोख पैसे, औषधं हे सगळं चिमूरला, आणि मोहर्लीच्या बाजूने जाणार असाल तर भद्रावतीला घ्या. जंगलाजवळ नेटवर्क दगा देतं आणि यूपीआय अडकतं. नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा.

शेवटचा पट्टा दिवसाउजेडी पार करायचा. अंधार पडल्यावर या रस्त्यांवर चितळ, रानडुक्कर, अस्वल आणि कधी कधी वाघही आडवा येतो. ड्रायव्हरला आधीच सांगा: झाडी सुरू झाली की वेग चाळीसच्या खाली. प्राणी दिसला तर गाडी थांबवायची, दिवे मंद करायचे, हॉर्न नाही, दार उघडायचं नाही, मोबाइलचा फ्लॅश नाही. जखमी प्राणी दिसला किंवा काही अडचण आली तर वनविभागाचा निःशुल्क क्रमांक १९२६, रुग्णवाहिकेसाठी १०८.

उशीर झालाच तर रिसॉर्टला फोन करून रस्त्यातला वननाका किती वाजेपर्यंत उघडा असतो ते विचारा. उत्तर मनाजोगं नसेल तर चंद्रपूर किंवा चिमूरला रात्र काढा.

सफारीच्या सकाळी

उन्हाळ्यात गेट पहाटे साडेपाचच्या सुमाराला उघडतं, हिवाळ्यात थोडं उशिरा. नेमकी वेळ परवान्यावर बघा आणि अर्धा तास आधी पोचा. ड्रायव्हरला आदल्या रात्री "पहाटे लवकर" असं मोघम सांगू नका. "पावणेपाचला गाडी दारात" असं सांगा.

ताडोब्यात सफारीला मोबाइल आत नेऊ देत नाहीत. मग सगळ्यांचे फोन आपल्याच गाडीत राहतात, म्हणजे त्या गाडीला कुलूप आणि ड्रायव्हर जवळपास हवा. किंवा फोन रिसॉर्टच्या लॉकरमध्ये ठेवूनच निघा. फोन नसताना चार तासांनी एकमेकांना शोधायचं कसं, हेही आधी ठरवा: अमुक झाडाखाली, अमुक वाजता.

परतीचा दिवस

सकाळची सफारी दहाच्या सुमाराला संपते. नाश्ता, अंघोळ, सामान, हिशोब यात दीड तास सहज जातो. साडेअकराला निघालात तर नागपूर साडेतीन-चारला. म्हणून संध्याकाळी सहाच्या आतली रेल्वे किंवा विमान धरू नका. घ्यायला येणारी गाडी दहालाच बोलवा. ती रिकामी येणार असते, वाटेत पंक्चर झालं तर तुमच्या हाताशी दीड तास असतो.

मीटरचा फोटो गाडीत बसताना आणि उतरताना काढा. टोलचे पैसे फास्टॅगच्या संदेशांवरून ड्रायव्हरच्या समोर मोजा. भाडं एजन्सीला द्यायचं की त्याच्या हातात, हे आधीच ठरलेलं हवं. बक्षीस मात्र थेट त्याच्या हातात द्या, मालकामार्फत नको. उतरताना सीटखाली हात घालून बघा. दुर्बिणीची टोपणं, चष्मे आणि चार्जर नेहमी तिथेच सापडतात.